दोन हजारांची वाट

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवी इथे, बंजारा समाजाच्या काशीत, पंतप्रधानांच्या हस्ते किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता वितरित झाला. देशभरातल्या सुमारे ९ कोटी ४० लाख शेतकऱ्यांना प्रत्येकी २,००० रुपये मिळायचे होते आणि एकूण रक्कम २० हजार कोटींच्या घरात होती. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पाचवा हप्ताही त्याच दिवशी सुटला. असे समारंभ पाहणाऱ्याची समजूत होते की व्यासपीठावर कळ दाबली आणि तिथूनच पैसे निघाले. साधा हिशेब मांडला तरी ही समजूत टिकत नाही. सेकंदाला एक याप्रमाणे रात्रंदिवस न थांबता नोंदी तपासल्या, तरी ९ कोटी ४० लाख नोंदींना जवळजवळ तीन वर्षे लागतील. म्हणजे तपासणीचे खरे काम त्या दिवसाच्या कितीतरी आधी, असंख्य यंत्रांवर, गठ्ठ्यागठ्ठ्यांनी उरकलेले असते. एकेक नोंद आली की निपटायची असे न करता हजारो नोंदी एकत्र करून एका दमात चालवायच्या, या पद्धतीला संगणकाच्या जगात बॅच प्रोसेसिंग म्हणतात. ज्याचे नाव या आधीच्या एखाद्या टप्प्यावर गळाले, त्याच्यासाठी समारंभाच्या दिवशी काहीच घडत नाही. तो केंद्रावर चौकशीला जातो आणि ‘ऑनलाइन दाखवत नाही’ किंवा ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढे ऐकून परततो.

या दोन उत्तरांवर समाधान मानावे लागू नये, एवढ्यासाठी संगणकाच्या प्राथमिक संज्ञा प्रत्येकाला कळायला हव्यात, असे माझे ठाम मत आहे. शाळेत या संज्ञा व्याख्या म्हणून पाठ होतात: इनपुट म्हणजे काय, आउटपुट म्हणजे काय, सीपीयूचे भाग किती. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमाने लाखो मराठी माणसांना पहिल्यांदा संगणकासमोर बसवले, हे त्याचे मोठेच काम आहे. पण व्याख्या पाठ असलेल्यालाही अडलेला हप्ता कुठे अडला हे सांगता येईलच असे नाही. रेकॉर्ड, डेटाबेस, की, सर्व्हर, लॉगिन या शब्दांचा खरा उपयोग वेगळा आहे. माहिती कुठे ठेवलेली आहे, ती कशाशी जुळवली जाते आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, हे त्यांच्यामुळे ओळखता येते. हे ओळखता आले की माणूस योग्य दारावर जाऊन योग्य प्रश्न विचारू शकतो.

सुरुवात सातबाऱ्यापासून करू, कारण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला डेटाबेस शिकवावा लागत नाही, तो त्याच्या घरात असतो. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख: जमीन कोणाची, किती, तिच्यावर बोजा कोणाचा. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्हींत रकाने ठरलेले आहेत. प्रत्येक रकान्याला संगणकाच्या भाषेत फील्ड म्हणतात, एका गटाच्या सगळ्या रकान्यांत भरलेल्या माहितीला रेकॉर्ड, अशा सगळ्या रेकॉर्डच्या तक्त्याला टेबल, आणि एकमेकांशी जोडलेल्या टेबलांच्या संचाला डेटाबेस. आठ-अचा उतारा या व्यवस्थेचे आणखी एक अंग दाखवतो. सातबारा विचारतो, या गटात कोणाकोणाची नावे आहेत? आठ-अ विचारतो, या खातेदाराच्या नावावर कोणकोणते गट आहेत? माहिती मुळात तीच, विचारण्याची दिशा वेगळी. अशा विचारण्याला क्वेरी म्हणतात. कागदाच्या दिवसांत दुसऱ्या दिशेने विचारण्यासाठी तलाठ्याला वेगळी वही सांभाळावी लागे, तर संगणक एकाच साठ्यातून दोन्ही उतारे काढून देऊ शकतो. संगणकाने आणलेला मोठा फरक हा आहे. बाकीची रचना महसूल खात्याने संगणक येण्याच्या कितीतरी आधी बांधून ठेवली होती.

डेटाबेसमध्ये सर्वांत महत्त्वाची संज्ञा कोणती, असे विचारले तर मी ‘की’ सांगेन. की म्हणजे एका नोंदीला दुसरीपासून निर्विवाद वेगळी काढणारी खूण. नाव हे काम का करू शकत नाही, याची उदाहरणे वाशिम जिल्ह्याच्या तालुक्यांच्या यादीतच आहेत. सहापैकी एक तालुका मालेगाव, पण महाराष्ट्रात मालेगाव म्हटले की बहुतेकांना नाशिक जिल्ह्यातले आठवते. म्हणून इथल्या गावाला मालेगाव जहांगीर म्हणतात. कारंजाला ‘लाड’ जोडावे लागते, कारण वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे आहे. मंगरूळला ‘पीर’ लागतो, कारण शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ दस्तगीर आणि मंगरूळ चव्हाळा आहेत. लोकांनी ही शेपटे जोडली ती गोंधळ टाळण्यासाठीच. टपाल खात्यापुढे हाच पेच देशभरात होता, कारण एकाच नावाची गावे, वेगवेगळ्या लिप्या आणि वाचता न येणारे हस्ताक्षर. तो सोडवला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. संस्कृतचे व्यासंगी आणि टपाल खात्यातले अधिकारी असलेल्या वेलणकरांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन देशभर लागू झाला. वाशिमचा पिन ४४४५०५, कारंजा लाडचा ४४४१०५ आणि नाशिककडच्या मालेगावचा ४२३२०३. पत्त्यातले अक्षर कितीही खराब असो, आकडा बरोबर असला की पत्र योग्य टपालघरात पोहोचते. संगणकातली की नेमके हेच काम करते.

गट नंबर हीही एक की आहे, पण अपुरी. गट नंबर ११२ शेकडो गावांत असेल. जिल्हा, तालुका, गाव आणि गट हे चारही मिळूनच जमिनीचा एक तुकडा निश्चित होतो. अशा जोडकीला कंपोझिट की म्हणतात. माणसासाठी सरकारने निवडलेली की म्हणजे आधार क्रमांक. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. आधारच्या बारा आकड्यांबद्दल एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्यातला शेवटचा आकडा स्वतंत्र नसतो. आधीच्या अकरा आकड्यांवरून एका ठरावीक गणिताने तो काढलेला असतो आणि त्या गणिताला व्हरहफची पद्धत म्हणतात. टंकताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर हे गणित जुळत नाही आणि संगणक तिथल्या तिथे क्रमांक नाकारतो. या आकड्याचे नाव चेकसम. पण याची मर्यादाही ओळखली पाहिजे. क्रमांक रचनेला धरून आहे, एवढेच चेकसम सांगतो. तो तुमचाच आहे की शेजाऱ्याचा, हे त्याला कळत नाही. तुमच्या अर्जात चुकून दुसऱ्या कोणाचा खराखुरा आधार क्रमांक पडला, तर चेकसम तो बिनतक्रार पुढे जाऊ देतो. रूप तपासणे आणि सत्य तपासणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. ‘संगणकाने स्वीकारले म्हणजे बरोबर असणार’ हा समज या दोन पायऱ्यांची गल्लत झाल्यामुळे तयार होतो.

इथून आपण संगणकाच्या स्वभावाच्या मुळाशी येतो. त्याला अर्थ कळत नाही, तो तुलना करतो. वाशिम हे नाव काही जण ऱ्हस्व लिहितात, काही जण दीर्घ. वाचणाऱ्याला दोन्ही एकच. संगणकात मात्र प्रत्येक अक्षर आणि मात्रा म्हणजे एक ठरलेला आकडा असतो. जगभरच्या लिप्यांसाठी हे आकडे ठरवणाऱ्या पद्धतीचे नाव युनिकोड. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटीचा आकडा २३६७ आणि दीर्घ वेलांटीचा २३६८. फरक एकाचा आहे, पण यंत्राच्या लेखी एकाचा फरक आणि हजाराचा फरक सारखाच, कारण दोन्ही वेळा उत्तर ‘जुळत नाही’ हेच येते. रोमन लिपीत हा घोळ वाढतो. विदर्भात जाधव आडनावाच्या शेवटी व्ही न लिहिता ओ लिहिण्याची जुनी रीत आहे. चव्हाणांपैकी काही जण मधल्या ‘ह’साठी एच घालतात, काही घालत नाहीत. आधार कार्डावर एक रूप, बँकेच्या पुस्तकात दुसरे आणि सातबाऱ्यावर देवनागरीत तिसरे, असे असले की तिन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे गाव जाणते, यंत्र जाणत नाही. जवळपासची नावे ओळखणारे प्रोग्राम असतात, पण तेही अर्थ समजून घेत नाहीत. दोन नावांत किती टक्के साम्य आहे हे मोजतात आणि ठरवून दिलेल्या उंबरठ्यापेक्षा साम्य जास्त भरले तर होकार देतात. तो उंबरठा किती असावा, हे माणसांनी ठरवलेले असते.

बोटाच्या ठशाचेही असेच आहे. ठसा घेणारे यंत्र आधीच्या ठशाशी साम्य मोजते. उंबरठा फार वर ठेवला तर खऱ्या माणसाला नकार मिळतो, फार खाली ठेवला तर खोट्याला होकार. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. कापूस वेचणाऱ्या, सोयाबीन सोंगणाऱ्या हातांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि नकार त्यांच्या वाट्याला अधिक येतो. म्हणून किसान सन्मानच्या ई-केवायसीसाठी, म्हणजे लाभार्थ्याची ऑनलाइन ओळख पटवण्यासाठी, बोटाच्या ठशाखेरीज ओटीपीची सोय आहे आणि जून २०२३ पासून ॲपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचीही. ठसा जुळला नाही म्हणून परत पाठवलेल्या माणसाला हे दोन मार्ग माहीत असणे, हा त्याचा हप्ता मिळणे आणि न मिळणे यांतला फरक ठरू शकतो.

आता ‘सर्व्हर डाऊन’कडे वळू. आपले सरकार सेवा केंद्रातल्या टेबलावरचा संगणक म्हणजे क्लायंट, म्हणजे विचारणारा. माहिती त्याच्यात नसते. तो विनंती पाठवतो, ती नेटवर्कमधून दूरच्या सर्व्हरकडे जाते, सर्व्हर आपला डेटाबेस चाळतो आणि उत्तर परत पाठवतो. अनेकदा त्या सर्व्हरलाही आणखी एका सर्व्हरला विचारावे लागते. ई-केवायसीच्या वेळी योजनेचा सर्व्हर आधारच्या सर्व्हरकडे जातो. पडद्यावर चक्र फिरत राहते तेव्हा अडथळा यापैकी कुठेही असू शकतो: गावातली लाइन, योजनेचा सर्व्हर, आधारचा सर्व्हर, किंवा शेवटच्या तारखेला एकाच वेळी धडकलेल्या लाखो विनंत्यांची रांग. ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही की क्लायंट वाट पाहणे सोडतो, त्याला टाइमआउट म्हणतात. इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. टाइमआउट झाला याचा अर्थ काम झाले नाही, असा नाही. विनंती पोहोचून नोंद झालेली असते आणि फक्त उत्तर वाटेत हरवलेले असते, असेही घडते. अशा वेळी घाईने दुसरा अर्ज भरला तर एकाच माणसाच्या दोन नोंदी होण्याचा किंवा दुहेरी शुल्क कापले जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक अर्जाला मिळणारा क्रमांक लिहून ठेवायचा आणि आधी त्या क्रमांकाची स्थिती पाहायची. ही सवय कोणत्याही मोबाइलपेक्षा अधिक कामाची आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळे सेतूवाल्याला, म्हणजे केंद्रचालकाला, माहीत असतेच, शेतकऱ्याने का डोके शिणवावे? उत्तर अधिकारांच्या वाटणीत आहे. संगणकात कोण आहे हे ओळखणे वेगळे आणि त्याला काय करू द्यायचे हे ठरवणे वेगळे. लॉगिन पहिले काम करते. दुसरे काम त्या लॉगिनला दिलेले अधिकार करतात. केंद्रचालकाला बहुधा अर्ज भरण्याचा आणि स्थिती पाहण्याचा अधिकार असतो. सातबाऱ्यावरचे नाव तो बदलू शकत नाही. ई-फेरफार प्रणालीत तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, नोंद घेतात आणि मंडळ अधिकारी ती मंजूर करतात. एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने तपासायचे, हा जुना महसुली नियम प्रणालीत जसाच्या तसा उतरवलेला आहे. आधारवरचे नाव आधारच्या यंत्रणेकडूनच बदलते. खात्याला आधार जोडणे बँकेच्या हातात आहे. म्हणजे एका हप्त्यामागे निदान चार डेटाबेस उभे आहेत: योजनेचा, जमिनीचा, आधारचा आणि बँकेचा. चौघांचे मालक वेगळे आणि दुरुस्तीच्या जागाही वेगळ्या. केंद्रचालक कितीही तत्पर आणि मदतीला धावणारा असला तरी बाकी तीन दारे त्याच्या ताब्यात नाहीत.

किसान सन्मानच्या स्थितीदर्शक पानावर हे चांगल्या रीतीने दाखवलेले आहे. तिथे जमिनीची नोंद जोडली आहे का, ई-केवायसी झाले आहे का आणि बँक खात्याला आधार जोडले आहे का, असे तीन प्रश्न आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही असे उत्तर असते. पहिल्यापुढे ‘नाही’ असेल तर रस्ता महसूल किंवा कृषी खात्याकडे जातो, तिसऱ्यापुढे असेल तर बँकेकडे. ज्याला या तीन ओळी वाचता येतात त्याचे निम्मे हेलपाटे वाचतात. एक प्रकार मात्र या तीन ओळींतही दिसत नाही, आणि तो वारंवार घडतो. तिन्ही ठिकाणी ‘हो’ आहे, हप्ता गेल्याचेही दिसते, पण खात्यात पैसे नाहीत. आधारवर आधारलेल्या भरण्यात पैसे खाते क्रमांकावर न जाता आधार क्रमांकावर पाठवले जातात. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडे एक यादी असते, तिला मॅपर म्हणतात, आणि कोणत्या आधार क्रमांकाचे पैसे कोणत्या बँकेकडे वळवायचे हे त्या यादीवरून ठरते. एका आधारपुढे तिथे एकच बँक असते, सर्वांत शेवटी जोडलेली. समजा, कोणी पूर्वी जिल्हा बँकेत पैसे घेत होता आणि नंतर दुसऱ्या बँकेत जनधन खाते उघडताना त्याने आधार जोडण्यास संमती दिली. तेव्हापासून पैसे नव्या खात्यात जातात आणि तो जुन्याच पासबुकावर नोंदी शोधत राहतो. इथे काहीही बिघडलेले नसते. पैसे सुरक्षित असतात, पण मॅपर हा शब्द आणि त्यामागची व्यवस्था माहीत नसल्यामुळे मालकाला ते सापडत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोटारसायकल चालवणाऱ्याला इंजिनचे ज्ञान लागत नाही, मग संगणकाच्या आतले ज्ञान नागरिकावर का लादायचे? व्यवस्थाच सोपी करा. यातली मागणी मला पूर्ण मान्य आहे. अर्ज नाकारताना कोणता रकाना कोणत्या नोंदीशी जुळला नाही आणि दुरुस्ती कोण करील, हे स्वच्छ मराठीत सांगणे ही प्रणाली बांधणाऱ्याची जबाबदारी आहे आणि ती टाळणाऱ्याला माफी असू नये. पण मोटारसायकलीची तुलना अर्धीच लागू पडते. गाडी बंद पडली तर ती रस्त्यावर आपल्या डोळ्यांसमोर बंद पडते, आणि ती आपल्या मालकीची असते. इथे यंत्र दुसऱ्याचे आहे, दूर आहे आणि त्याच्यात साठवलेली माहिती आपली आहे. इंजिनचे ज्ञान नसले तरी चालेल, हे खरेच. प्रोसेसरचा वेग, रॅमची क्षमता, प्रोग्रामिंगच्या भाषांची नावे यांवाचून नागरिकाचे काही अडत नाही, आणि परीक्षेत नेमके त्यांनाच जास्त गुण असतात, हे मला खटकते. आपल्याबद्दलची नोंद कुठे आहे आणि ती कोण बदलू शकतो, हे ज्ञान इंजिनचे नाही, मालकीहक्काचे आहे. सातबारा वाचता येणे हे जसे कोणी जास्तीचे ओझे मानत नाही, तसेच हे.

शब्द इंग्रजी आहेत म्हणून सामान्य माणसाला पेलणार नाहीत, हा तिसरा आक्षेप मला फारसा टिकाऊ वाटत नाही. फेरफार, बोजा, पोटखराबा, पैसेवारी, वहिवाट, भोगवटादार वर्ग दोन हे शब्द काही सोपे नाहीत. तरी ज्याची दोन एकर जमीन आहे त्याला ते चोख कळतात, कारण त्यांच्यावर त्याचे पोट आहे.

संज्ञा न कळण्याची किंमत सर्वांत जास्त कुठे मोजावी लागते, तर फसवणुकीत. किसान सन्मानच्या नावाने व्हॉट्सॲपवर फाइली पसरवून खाती रिकामी करण्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत घडले आहेत. या फसवणुकीच्या गाभ्याशी एक प्राथमिक संज्ञा आहे. फाइल दोन प्रकारची असते. एकीत माहिती असते, जसे पीडीएफ कागदपत्र किंवा फोटो. दुसरीत यंत्राने करायच्या आज्ञा असतात, म्हणजे ती प्रोग्राम असते. फाइलच्या नावातला शेवटच्या टिंबापुढचा भाग ती कोणती हे सांगतो. यादी, पावती किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती यादी असूच शकत नाही. ते अँड्रॉइड फोनवर बसवायचे ॲप आहे. ते बसवले आणि मागितलेल्या परवानग्या दिल्या की येणारे संदेश त्याला वाचता येतात, आणि ओटीपी संदेशातूनच येतो. ओटीपी हा फोन त्या क्षणी तुमच्या हातात असल्याचा पुरावा म्हणून काही मिनिटांपुरता दिलेला आकडा आहे. तो दुसऱ्याला सांगणे किंवा वाचू देणे म्हणजे आपल्या नावाने सही करण्याची मुभा देणे. पासवर्ड गुप्त ठेवायचा हे आता बहुतेकांना ठाऊक असते. पासवर्ड न विचारताही ॲपची परवानगी तेच काम करू शकते, हे अजून पुरेसे पोहोचलेले नाही. असे घडलेच तर १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तिथे जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे मधल्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त.

सहीचा विषय निघालाच आहे तर डिजिटल सहीबद्दल थोडे. त्यासाठी आधी एका जुन्या मुद्रेकडे पाहू. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथल्या विंध्यशक्ती दुसरा या राजाचा, त्याच्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षीचा ताम्रपट सापडलेला आहे. काही भाग संस्कृतात आणि काही प्राकृतात असलेला हा लेख एका गावाच्या दानाचा आहे, म्हणजे एका अर्थी जमिनीचा हक्कलेखच. ताम्रपटांची पाने कडीत ओवून तिच्यावर राजमुद्रा लावण्याची त्या काळी पद्धत होती. तिच्यामुळे लेख राजाचा आहे हे कळे आणि मधले पान बदलणे अवघड होई. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने अशा सहीला कायदेशीर आधार दिलेलाच होता. ही सही म्हणजे कागदावर छापलेले सहीचे चित्र नाही. दस्तऐवजातल्या सगळ्या मजकुरावर गणिती प्रक्रिया करून एक ठरावीक लांबीचा आकडा काढतात, त्याला हॅश म्हणतात. मजकुरात एक मात्रा बदलली तरी हॅश पूर्ण वेगळा येतो. हा हॅश अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंद केला की सही झाली. जोडीची उघड किल्ली वापरून कोणीही ती तपासू शकतो. म्हणून तपासणी फाइलची होते, छापील प्रतीची नाही. झेरॉक्स काढली की सहीचे गणित त्या कागदावर उरत नाही, उरते फक्त चित्र. छापील उताऱ्यावर पडताळणी क्रमांक देतात तो यासाठीच. समोरच्याने तो महाभूमी या भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावर टाकून मूळ नोंद पाहायची असते. बँकेत किंवा जमिनीच्या व्यवहारात नुसत्या छापील प्रतीवर विसंबणारा माणूस राजमुद्रा न पाहता ताम्रपट स्वीकारतो आहे.

आता ॲग्रिस्टॅक आले आहे. प्रत्येक शेतकऱ्याला स्वतंत्र ओळख क्रमांक आणि त्याला जमीन, पीक, आधार यांची जोडणी, असा हा आराखडा आहे. महाराष्ट्रात २०२५ पासून कृषी योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा झाला. वेगवेगळे डेटाबेस एका कीने बांधले गेले की एकच माहिती पुन्हा पुन्हा द्यावी लागत नाही, हा त्याचा खरा लाभ आहे आणि तो कमी लेखू नये. पण याच जोडणीमुळे मूळ नोंदीतली एक चूक आता एका योजनेपुरती राहत नाही. पीक विमा, अनुदान, नुकसानभरपाई सगळीकडे ती सोबत जाते. वारसाची नोंद राहून गेलेली असो, सामाईक खात्यात हिस्सा न दाखवलेला असो किंवा क्षेत्राचा आकडा चुकलेला असो, ही दुरुस्ती उगमाशी, म्हणजे महसूल अभिलेखात करावी लागेल. खालच्या एखाद्या योजनेच्या पडद्यावर ती होणार नाही. दुरुस्ती केल्यावरही खालचे डेटाबेस लगेच बदलतीलच असे नाही. दोन साठ्यांतली माहिती ठरावीक काळाने जुळवून घेण्याला सिंक म्हणतात, आणि तो होईपर्यंत जुनी माहिती दिसत राहते. फेरफार मंजूर झाल्याचा दिनांक हाताशी असला तर या काळात मागच्या हप्त्याचा दावा मांडता येतो.

शेवटची संज्ञा लॉग. कोणत्या लॉगिनने कोणत्या दिवशी, किती वाजता कोणती नोंद बदलली, याची प्रणालीने आपोआप ठेवलेली रोजनिशी म्हणजे लॉग. कागदी वहीत खाडाखोड दिसे, डेटाबेसमध्ये ती पडद्यावर दिसत नाही. पण लॉग नीट ठेवलेला असला तर खाडाखोडीपेक्षा अधिक काही तो सांगतो. ‘संगणकाने नाव काढून टाकले’ हे वाक्य त्याच्यापुढे टिकत नाही, कारण नाव काढणारी आज्ञा एखाद्या माणसाच्या लॉगिनने दिलेली असते किंवा माणसानेच घालून दिलेल्या नियमाने. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये माहितीच्या व्याख्येत कोणत्याही इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली आधारसामग्री स्पष्टपणे धरलेली आहे. तेव्हा ज्याचे नाव यादीतून गेले आहे त्याला आपल्या नोंदीत कोणता बदल, कोणत्या दिनांकाला, कोणत्या पदाच्या लॉगिनने आणि कोणत्या कारणाखाली झाला, असा चार ओळींचा अर्ज त्या कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करता येतो आणि कायद्याने उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.